कावेरीकाठची दावण आणि विषाणूंची कुळे

दुधाचे गाव, भाताचे शिवार

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम बाहेरच्या जगाला ओळखीचे आहे ते मंदिरांच्या गोपुरांमुळे, दर बारा वर्षांनी महामहम तळ्यावर भरणाऱ्या स्नानपर्वामुळे आणि पितळी पेल्यातून मिळणाऱ्या डिग्री कॉफीमुळे. देवळातल्या अभिषेकाला आणि हॉटेलातल्या कॉफीला लागणारे दूध भोवतालच्या खेड्यांतील लहान लहान गोठ्यांतून दिवसातून दोनदा शहरात येते, आणि ज्या घरचे दूध आहे त्याच घरची भातखाचरे बहुधा गोठ्याच्या मागच्या अंगाला पसरलेली असतात. भाताचा पेंढा गाईला, गाईचे शेण खाचराला, कापणीनंतरची धसकटे बाहेरून आलेल्या मेंढ्यांना आणि सांडलेला दाणा बदकांच्या थव्यांना, अशी ही देवघेव वर्षभर चालू राहते.

'शेजार' ही या अंकाची कल्पना माणसांपुरती मर्यादित न ठेवता गोठ्यापर्यंत नेली, तर कुंभकोणमच्या परिसरात एकाच अंगणाच्या आधाराने गाय, शेळी, कोंबडी, कुत्रा आणि माणूस किती दाटीने राहतात हे लक्षात येते. ही दाटी शेतकऱ्याच्या फायद्याची आहे, आणि जिवंत पेशीबाहेर ज्याची वाढच होऊ शकत नाही अशा विषाणूलाही तीच मानवते. जनावरांना होणाऱ्या विषाणूंची मुख्य कुळे कोणती, हे पाठ्यपुस्तकात वर्गीकरणाच्या स्वरूपात शिकवले जाते. परंतु त्रिभुजप्रदेशातील गोठ्यात, मेंढवाड्यात आणि बदकांच्या थव्यात त्या कुळांकडे पाहिले, तर असे दिसते की विषाणूचे कूळ हीच त्याच्याशी वागण्याची रीत ठरवणारी गोष्ट आहे. तो वाऱ्याने येणार की चिलटाच्या डंखातून, सोड्याच्या पाण्याने मरणार की महिनोन्‌महिने खपलीत टिकणार, लस एकदा टोचून भागणार की दर सहा महिन्यांनी टोचावी लागणार, ही सारी उत्तरे बऱ्याच अंशी त्याच्या घडणीत दडलेली असतात.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावरला गादी स्थापन केली, ती १८५५ पर्यंत टिकली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. या राजवटीचा जनावरांच्या वैद्यकाशीही संबंध होता. सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत, आणि हत्ती व घोडे यांच्या लक्षणांची आणि चिकित्सेची हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहेत.

गाळणीपार गेलेला रोगकारक

जनावरांचे साथीचे रोग शेतकऱ्याला हजारो वर्षे ठाऊक होते, परंतु त्यांतील काहींचा कारक जीवाणूंपेक्षाही लहान आहे हे १८९८ मध्ये सिद्ध झाले. फ्रीड्रिख लफ्लर आणि पाउल फ्रॉश या जर्मन संशोधकांनी लाळ-खुरकुताने आजारी असलेल्या वासरांच्या फोडांतील द्रव, जीवाणू अडवून धरणाऱ्या बारीक गाळणीतून गाळून घेतला, तो निरोगी वासरांना टोचला, आणि तीही आजारी पडली. तंबाखूच्या पानांवरील रोगाबाबत असेच निरीक्षण थोडे आधी झाले होते. जनावरांच्या बाबतीत मात्र गाळणीपार जाणारा म्हणून ओळखला गेलेला पहिला रोगकारक लाळ-खुरकुताचाच होता.

विषाणूची रचना मोजक्या भागांची असते. आत आनुवंशिक मजकूर, त्याभोवती प्रथिनांचे कवच, आणि काही कुळांत त्या कवचावर मेदाचे पातळ आवरण. आनुवंशिक मजकूर डीएनए या रेणूत असेल तर त्याची नक्कल बरीचशी तपासून होते आणि विषाणू सावकाश बदलतो; तो आरएनएमध्ये असेल तर नक्कल करताना झालेल्या चुका बहुधा दुरुस्त होत नाहीत, त्यामुळे नवनवे प्रकार वेगाने निर्माण होतात. मेदाचे आवरण असलेले विषाणू साबणाने, उन्हाने आणि सुकण्याने लवकर निकामी होतात, कारण तुपाचा ओशटपणा साबणाने निघावा तसे ते आवरण विरघळते आणि पेशीला चिकटण्याचे साधनच नाहीसे होते. उघड्या कवचाचे, म्हणजे अनावृत, विषाणू तुलनेने चिवट असतात.

डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत विषाणूंचे गट पडतात ते याच आधारावर : मजकूर डीएनएचा की आरएनएचा, एकपदरी की दुपदरी, आणि पेशीला वाचता येईल असा निरोप त्यातून कोणत्या मार्गाने तयार होतो. या पद्धतीत सात गट असले, तरी गोठ्याच्या दृष्टीने महत्त्वाची कुळे थोडकीच आहेत आणि ती जवळजवळ सगळी कावेरीच्या त्रिभुजप्रदेशात भेटतात.

कोमारी, अर्थात लाळ-खुरकूत

लाळ-खुरकुताला तमिळ शेतकरी कोमारी म्हणतो. त्याचा विषाणू पिकोर्ना कुळातील आहे; म्हणजे आकाराने अतिशय लहान, एकपदरी आरएनएचा आणि अनावृत. त्याचा आरएनए पेशीत शिरताच पेशीची यंत्रणा तो थेट वाचू लागते, त्यामुळे रोग झपाट्याने उभा राहतो. जनावराला ताप येतो, जिभेवर व हिरड्यांवर फोड येऊन फुटतात, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात आणि कासेवर फोड आले तर वासराला ढुसणी मारणेही अशक्य होते. मोठे जनावर बहुधा वाचते, परंतु दूध आटते, गाभण जनावर गाभडते, आणि कोवळ्या वासरांच्या हृदयाच्या स्नायूवर विषाणूचा घाला पडल्याने ती उभ्या उभ्या कोसळतात.

या प्रदेशात खुरांच्या जखमांना वेगळे गांभीर्य आहे. येथील उंबळच्चेरी ही गाईबैलांची स्थानिक जात चिखलणीसाठी प्रसिद्ध आहे. ठेंगण्या, दणकट बांध्याचे हे बैल गुडघाभर चिखलात तासन्‌तास चालतात, आणि या जातीची वासरे जन्मताना तांबूस असून वाढत्या वयाबरोबर करडी होतात. खुरात जखम असलेला बैल चिखलात उतरला की जखमेत जीवाणू शिरतात, माश्या अंडी घालून अळ्या पाडतात आणि लावणीच्या ऐन हंगामात जोडी दावणीला अडकून पडते. २०१३ मध्ये दक्षिण भारतात पसरलेल्या लाळ-खुरकुताच्या मोठ्या साथीने तामिळनाडूत, विशेषतः कावेरीच्या त्रिभुजप्रदेशातील जिल्ह्यांत, पुष्कळ जनावरे दगावली, आणि लस वेळेवर न मिळाल्यास काय होते याची आठवण या भागातील शेतकऱ्यांत खोल रुजली.

या विषाणूचे जगात सात मुख्य प्रकार नोंदले गेले आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला रोखत नाही, म्हणून भारतात वापरल्या जाणाऱ्या लशीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार एकत्र असतात. शिवाय ही लस मृत विषाणूची आहे; तिचे संरक्षण काही महिन्यांतच ओसरते आणि म्हणून ती दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झालेला राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम याच सहामाही चक्रावर उभा आहे.

हे चक्र गावात कसे फिरते ते पाहण्यासारखे असते. सकाळची धार काढून झाल्यावर आणि जनावरे चरायला सुटण्याआधी जो थोडा वेळ मिळतो त्यातच टोचणी उरकावी लागते. पशुवैद्यकाच्या खांद्याला लावलेल्या पेटीत लशीच्या बाटल्या दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या असतात, आणि बाटली बर्फाला थेट टेकणार नाही याची काळजी घ्यावी लागते, कारण या तैलयुक्त लशीला उन्हाइतकेच गोठणेही घातक ठरते. घरचा माणूस गाईचे नाक धरून मान वळवतो, दोन मिलिलिटर लस मानेच्या स्नायूत जाते, कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला नसेल तर तो ठोकला जातो, आणि त्या आकड्यावर टोचणीची नोंद चढते. टोचल्यावर एकदोन दिवस दूध थोडे कमी होते, मानेवर गाठ येते. ज्याचा महिन्याचा खर्च दुधाच्या पैशांवर चालतो तो शेतकरी त्यामुळे नेमकी दुभती गाय परसात मागे ठेवू पाहतो. त्या एका गाईमुळे गावाच्या संरक्षणात भगदाड पडते. ते बुजवण्यासाठी लशीइतकीच समजुतीच्या दोन शब्दांची गरज असते.

रोग शिरलाच तर कुळाचे ज्ञान कामी येते. हा विषाणू अनावृत असल्याने केवळ साबणावर भिस्त ठेवता येत नाही, परंतु आम्ल आणि क्षार यांपुढे तो टिकत नाही. म्हणून धुण्याच्या सोड्याच्या चार टक्के द्रावणाने गव्हाण, दावण, दुधाच्या किटल्या आणि पायताणे धुण्याचा सल्ला दिला जातो. दूध गोळा करणारा माणूस एका गोठ्यातून दुसऱ्यात जात असतो, त्यामुळे त्याची किटली आणि त्याच्या सायकलची चाके हीही रोगाची वाहने ठरतात.

बुळकांडीचा अंत आणि शेळ्यांवरचे संकट

लाळ-खुरकुताशी लढा अद्याप चालू असताना त्याहून कितीतरी अधिक प्राणघातक असलेली बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाली, याचेही कारण दोन्ही विषाणूंच्या कुळात आहे. बुळकांडीचा विषाणू मॉर्बिली गटातील, म्हणजे माणसाच्या गोवराचा आणि कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा सगोत्र. त्याला मेदाचे आवरण असल्याने तो उन्हात, कोरड्या हवेत फार काळ जगत नाही. जनावरापासून जनावराला निकट संपर्कानेच पसरतो. बरे झालेले जनावर त्याला अंगात बाळगून ठेवत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचा लशीच्या दृष्टीने एकच प्रकार होता, त्यामुळे एक चांगली लस जगभर पुरेशी ठरली.

या लढ्याचा एक आरंभबिंदू महाराष्ट्रात आहे. १८८९ मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, ती १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली आणि तीच पुढे भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था झाली. जे. टी. एडवर्ड्स यांनी तेथे १९२० च्या दशकात बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या शरीरातून वारंवार नेऊन सौम्य केला आणि त्याची लस केली. त्याच परंपरेत १९३२ मध्ये तामिळनाडूतील राणीपेट येथे लसनिर्मितीची संस्था उभी राहिली. १९५४ पासून देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम चालली, आणि भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तामिळनाडूच्याच उत्तर अर्काट भागात नोंदला गेला. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच विषाणुजन्य रोग होय.

बुळकांडी मागे हटत असतानाच तिच्या सगोत्र विषाणूने शेळ्यामेंढ्यांत शिरकाव केल्याचे उघड झाले. पीपीआर या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रोगाची भारतातील पहिली नोंद १९८७ मध्ये कुंभकोणमच्या उत्तरेला विळुप्पुरम जिल्ह्यातील अरसूर या गावी झाली. नाकाडोळ्यांतून चिकट स्राव, तोंडात व्रण, हगवण आणि न्यूमोनिया यांनी कळपच्या कळप झोपवणाऱ्या या रोगाला तमिळमध्ये आट्टुक्कोल्लि, म्हणजे शेळ्या मारणारा, असेच नाव आहे. अरसूरने जो पहिला विषाणू दिला त्यालाच सौम्य करून तामिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाने लस तयार केली, आणि मुक्तेश्वरला तयार झालेली दुसरी लसही देशभर वापरली जाते. ही जिवंत, सौम्य विषाणूची लस असल्याने एका टोचणीने तीन वर्षे वा त्याहून अधिक काळ संरक्षण मिळते. शेळी हे भूमिहीन घराचे, बहुतेकदा त्या घरातील बाईचे, धन असते. म्हणून २०३० पर्यंत पीपीआर जगातून नाहीसा करण्याचे जे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट ठरले आहे, त्याचा सर्वांत मोठा लाभ अशाच घरांना होणार आहे.

मेंढ्यांची वाट, चिलटांचा हंगाम

सांबा भाताची कापणी झाली की रामनाथपुरम आणि शिवगंगा या कोरड्या जिल्ह्यांतून मेंढपाळ, ज्यांना येथे कीतारी म्हणतात, आपले कळप घेऊन त्रिभुजप्रदेशात उतरतात. दिवसा मेंढ्या धसकटे चरतात, रात्री वाघरीच्या कुंपणात एखाद्याच्या शेतात बसतात, आणि त्या रात्रीच्या लेंडीखताबद्दल शेतकरी मेंढपाळाला पैसे वा धान्य देतो. महाराष्ट्रातील धनगर कोकणात वा देशावर शेतात मेंढ्या बसवतात त्याच प्रकारचा हा व्यवहार आहे. खाचरे पुन्हा पाण्याने भरू लागली की कळप परत फिरतात. वाटेत ते अनेक गावांच्या शेळ्यांसोबत एकाच तळ्यावर पाणी पितात, आणि निकट संपर्काने पसरणाऱ्या पीपीआरला तेवढे पुरते.

ऑक्टोबर ते डिसेंबरमधला ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की दुसऱ्या घडणीचे विषाणू पुढे येतात. चिखल, शेण आणि साचलेले पाणी यांत क्युलिकॉइड्स नावाची बारीक चिलटे वाढतात, आणि त्यांच्या डंखातून मेंढ्यांना नीलजिव्हा हा रोग होतो. ताप, सुजलेले ओठ, निळसर पडलेली जीभ आणि लंगडणे ही त्याची लक्षणे असून भारतात तो प्रथम १९६४ मध्ये महाराष्ट्रातील मेंढ्याशेळ्यांत नोंदला गेला. हा विषाणू दुपदरी आरएनएचा आहे आणि त्याचा मजकूर दहा सुट्या तुकड्यांत विभागलेला आहे. एकाच पेशीत दोन प्रकारचे विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवा संकर तयार होऊ शकतो. या विषाणूचे वीसहून अधिक प्रकार का आढळतात हे त्यावरून समजते. म्हणून भारतात पाच प्रकार एकत्र असलेली मृत विषाणूची लस तयार करावी लागली. आजारी मेंढी वेगळी बांधून येथे पुरेसे होत नाही, कारण रोग चिलटांबरोबर उडतो. पावसाच्या आधी टोचणी, रात्री मेंढवाड्यात धूर आणि उंच, कोरड्या जागी तळ, हेच उपाय उपयोगी पडतात.

गाईम्हशींत याच हंगामात येणारा तिवा हा तीन दिवसांचा ताप ऱ्हॅब्डो कुळाच्या विषाणूमुळे होतो आणि तोही चावणाऱ्या कीटकांबरोबर येतो. बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या या कुळातील सर्वांत भयंकर सदस्य रेबीजचा विषाणू आहे. तो लाळेतून जखमेत आणि जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. या प्रवासाला लागणारे दिवस किंवा आठवडे हीच माणसाला वाचण्याची संधी असते, कारण तेवढ्यात जखम साबणाने धुऊन लस घेतली तर मृत्यू टळतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर मात्र कोणताही इलाज चालत नाही.

देवीचे कूळ

पॉक्स कुळातील विषाणू आकाराने मोठे, दुपदरी डीएनएचे आणि चिवट असतात. गळून पडलेल्या खपलीतही ते महिनोन्‌महिने तग धरतात. माणसाची देवी याच कुळातली. तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूर येथील मारिअम्मन हे देवीच्या रोगाशी जोडलेले दैवत, आणि ते देऊळ व्यंकोजींच्या काळी उभे राहिले असे तेथील परंपरा सांगते. गाईच्या आचळांवरील फोडांतून माणसाला संरक्षण देता येते हे एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये दाखवले, आणि जून १८०२ मध्ये ती लस मुंबईत पोहोचून भारतभर पसरली. या लसीकरणाची एक खूण महाराष्ट्राच्या गोठ्यांतही दिसते. १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात म्हशींच्या आचळांवर आणि त्यांची धार काढणाऱ्यांच्या हातांवर फोड आणणारी जी साथ आली, तिचा विषाणू तपासला असता तो देवीच्या लशीतील व्हॅक्सिनिया विषाणूचाच निकटचा नातलग निघाला. माणसासाठी वापरलेला विषाणू म्हशींत स्थिरावला, आणि माणूस व जनावर यांच्यातील सीमा दोन्ही बाजूंनी ओलांडली जाते याची साक्ष त्यातून मिळाली.

या कुळाचा आजचा चेहरा म्हणजे लम्पी त्वचारोग. १९२९ मध्ये आजच्या झांबियात प्रथम वर्णिलेला हा रोग २०१९ मध्ये ओडिशातून भारतात नोंदला गेला आणि २०२२ मध्ये राजस्थान, गुजरात व महाराष्ट्रात त्याने हाहाकार उडवला. डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात; अंगभर कठीण गाठी येतात, पायांवर सूज चढते, दूध तुटते. पॉक्स कुळातील विषाणू एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की शेळ्यांच्या देवीची लस गाईंना देऊन हा रोग बराच आटोक्यात आणता आला, आणि पुढे लम्पीची स्वतंत्र लसही भारतातच विकसित झाली.

आजारी जनावराच्या शुश्रूषेत कुंभकोणमच्या शिवारातील एका पिकालाही स्थान मिळाले आहे. तामिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाच्या तंजावर येथील केंद्राने पारंपरिक पशुचिकित्सेचा पद्धतशीर अभ्यास केला असून, लम्पीसाठी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचवलेल्या तोंडी औषधात विड्याची दहा पाने, दहा ग्रॅम मिरी, दहा ग्रॅम मीठ आणि गूळ एकत्र वाटून चारायला सांगितले आहे. विड्याची पाने ही कुंभकोणमची खासियत असल्याने हे औषध येथील घरात सहज तयार होते. जनावर खातेपिते राहावे, जखमा भरून याव्यात यासाठी अशा उपचारांचा आधार मिळतो. रोग गावात येऊ न देण्याचे काम मात्र लसच करते.

खाचरातील बदके, अंगणातील कोंबड्या

भाताची कापणी होताच खाचरांत शेकडो बदकांचे थवे सोडले जातात. राखणदार लांब काठीने थवा वळवतो, बदके सांडलेला दाणा आणि गोगलगाई टिपतात, आणि एक शिवार संपले की थवा दुसऱ्या शिवारात नेला जातो. त्याच पाणथळीत वन्य पाणपक्षीही उतरतात, आणि आग्नेयेला कोडियक्करैच्या खाडीत हिवाळ्यात दूरदेशीचे स्थलांतरित पक्षी मुक्कामाला असतात. बर्ड फ्लूचा विषाणू ऑर्थोमिक्सो कुळातील असून त्याचा आरएनए आठ तुकड्यांत असतो. बदकांत तो पुष्कळदा लक्षणांविना राहतो, कोंबड्यांत मात्र काही प्रकार एकदोन दिवसांत खुराडे रिकामे करतात. भारतात त्याची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाली, आणि तेथे लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी मालकाला भरपाई तातडीने मिळेल अशी खात्री असेल तरच तो पहिल्या मेलेल्या पक्ष्याची वर्दी देतो.

अंगणातल्या कोंबड्यांना अधिक नियमितपणे गाठतो तो राणीखेत, म्हणजे मानमोडी. हा पॅरामिक्सो कुळातला असून बुळकांडीच्या दूरच्या गोतातला आहे. घरटी चारपाच कोंबड्या असलेल्या गावात प्रत्येक पक्षी पकडून टोचणे अवघड, म्हणून तामिळनाडू पशुवैद्यक विद्यापीठाने खाद्यगोळीतून देता येणारी लस तयार केली. कोंबडी दाणा म्हणून ती टिपते आणि लसीकरण पार पडते.

याच परिसरात दबा धरून राहणारे कूळही आहे. हर्पिस विषाणू एकदा शरीरात शिरले की आयुष्यभर मुक्काम करतात. बदकांचा प्लेग आणि कोंबड्यांचा मॅरेक रोग हे त्यांचेच. आणि आशियाई हत्तींच्या पिल्लांना रक्तस्रावाने मारणारा हर्पिस विषाणू १९९९ मध्ये ओळखला गेला. २०१९ मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात चार तरुण हत्ती त्याने दगावले. कुंभकोणमच्या आदिकुंभेश्वर मंदिरातील मंगलम ही हत्तीण भाविकांच्या जिव्हाळ्याची आहे. देवळातील हत्तींच्या नियमित तपासणीचा आग्रह धरताना या अदृश्य सोबत्याचाही विचार करणे आवश्यक आहे. रेट्रो कुळातील विषाणू याहून पुढे जातात. ते आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करून तो पेशीच्याच मजकुरात गुंफतात. कोंबडीतील अर्बुदावर पेटन राउस यांनी १९११ मध्ये केलेल्या संशोधनामुळे या कुळाकडे विज्ञानाचे लक्ष वेधले गेले.

कूळ ओळखून आखलेले संरक्षण

तंजावर जिल्ह्यातच ओरत्तनाडु येथे, जेथे सरफोजी राजांनी प्रवाशांसाठी अन्नछत्र उभारले, तेथे २०१२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय चालू आहे. या महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे नमुना तपासून विषाणूचे कूळ आणि प्रकार ठरवण्याची सोय शेतकऱ्याच्या जवळ येऊ शकते, आणि ते फार मोलाचे आहे, कारण तोंडात व्रण दिसणारा रोग लाळ-खुरकूत, पीपीआर की नीलजिव्हा हे नुसत्या डोळ्यांनी नेहमीच सांगता येत नाही, आणि तिघांची लस, तिघांचा हंगाम आणि तिघांची वाट वेगवेगळी आहे.

आजची व्यवस्था गावनिहाय नोंदवहीवर चालते. विषाणू मात्र माणसांच्या पोटापाण्याच्या वाटांनी चालतात. कीतारींचा कळप ज्या काळात त्रिभुजप्रदेशात असतो त्या काळात तो धड त्याच्या मूळ गावच्या नोंदीत सापडत नाही आणि धड येथल्याही. बदकांच्या थव्याचेही तेच. म्हणून कळप निघण्याआधी त्यांच्या गावी पीपीआरची टोचणी, पावसाच्या आधी नीलजिव्हेची, लावणीच्या आधी बैलांना लाळ-खुरकुताची, असे वेळापत्रक शेतीच्या पंचांगाशी जुळवून घ्यावे लागेल, आणि मेंढपाळाच्या वाटेवर त्याच्या कळपाला लस देण्याचा अधिकार व साधने दोन्ही जिल्ह्यांतील पशुवैद्यकांना असावी लागतील. दवाखान्यातील शीतकपाटाला अखंड वीज, रिक्त पदांवर माणसे आणि नुकसानभरपाईचा त्वरित निकाल या गोष्टी बोलायला साध्या आहेत, पण बुळकांडीचा पराभव अशाच साध्या गोष्टी चार दशके चिकाटीने केल्यामुळे झाला.

बुळकांडीचा भारतातील शेवटचा उद्रेक आणि पीपीआरची पहिली नोंद, दोन्ही तामिळनाडूतच झाली. एका मॉर्बिली विषाणूला या देशाने घालवून दिले असल्याने दुसऱ्यालाही घालवता येईल हा विश्वास निराधार नाही. लस हाताशी आहे, ती स्वस्त आहे, आणि एका टोचणीत वर्षानुवर्षे टिकणारी आहे. रामनाथपुरमच्या कीतारीपासून माणदेशातील धनगरापर्यंत प्रत्येक कळपाला ती वेळेवर मिळणे, एवढेच काम आता उरले आहे आणि ते करणे सर्वस्वी माणसाच्या हाती आहे.